सिंकखालची चकती: पाणीगळती ऐकण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्या तळहातावर मावते. पांढरी, प्लॅस्टिकची, गोल चकती. खालच्या बाजूला धातूचे दोन किंवा चार ठिपके, आत एक बटन सेल आणि एक पिटुकला रेडिओ. ही चकती सिंकखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे ठेवायची. फरशीवर पाणी आलं की ती ओरडते आणि तुमच्या फोनवर मेसेज येतो. दुकानात मागायची असेल तर वायरलेस वॉटर लीक सेन्सर म्हणा.

ही कशी लावायची याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. खोका उघडा, ॲप टाका, कोड स्कॅन करा, झालं. तेवढंच सांगायचं असतं तर एपिसोड दोन मिनिटांत संपला असता. मला या चकतीच्या मागचा इतिहास आवडतो. आणि तो कळला की ती कुठे ठेवायची, तिची देखभाल कशी करायची, हे पाठ करावं लागत नाही.

ऐकताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. समजा चकती गप्प आहे. म्हणजे काय समजायचं? घर कोरडं आहे, की चकतीच मेली आहे? दोन्ही वेळा तुम्हाला ऐकू येतं ते सारखंच, म्हणजे काहीच नाही.

आता चला लिव्हरपूलला. १८६० च्या दशकात तिथे पाणी कमी पडायला लागलं आणि शहरात दिवसाचे काही तासच नळाला पाणी, अशी वेळ आली. ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. बादल्या, पिंपं, पहाटे उठून मोटर लावणं, सगळं आपलंच. तर तिथे जॉर्ज डीकन नावाचा इंजिनिअर होता, शहराच्या पाण्याची जबाबदारी त्याच्याकडे. नवीन धरण बांधायचं तर वर्षानुवर्षं जाणार. आहे ते पाणी नेमकं कुठे जातं हे आधी बघू, असं त्याने ठरवलं आणि १८७३ मध्ये एक मीटर बनवला.

हा मीटर समजून घेण्यासारखा आहे. एक निमुळती नळी, वर अरुंद आणि खाली रुंद. आत तारेला टांगलेली एक चकती, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला वजन. पाणी वाहत नसेल तर वजन चकतीला वर ओढून धरतं. पाणी वाहायला लागलं की ते चकतीला खाली ढकलतं. प्रवाह जितका जास्त तितकी चकती खाली. त्या तारेला एक पेन्सिल जोडलेली, आणि पेन्सिलीसमोर कागद गुंडाळलेला ड्रम, जो घड्याळाच्या यंत्रावर हळूहळू फिरतो. दिवसभरात कागदावर एक आलेख तयार होतो: आडवी वेळ, उभा प्रवाह. आपण आज सर्व्हरच्या डॅशबोर्डवर जो आलेख बघतो तोच, फक्त पितळ आणि कागदाचा.

सकाळी हा आलेख वरखाली उड्या मारतो, कारण लोक अंघोळी करतायत, भांडी घासतायत. खरी मजा रात्री. तीन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं. तेव्हा रेघ शून्यावर यायला हवी. ती शून्याच्या बरीच वर, सरळ, शांत चाललेली असेल, तर ते पाणी कुणी वापरत नाहीये. ते गळतंय. दिवसाच्या गोंगाटात लपलेली गळती रात्रीच्या शांततेत उघडी पडते. जगभरचे पाणीवाले आजही हेच तंत्र वापरतात, त्याला ‘रात्रीचा किमान प्रवाह’ म्हणतात.

पुढची पायरी तर आणखी भारी. गल्लीत गळती आहे हे कळलं, पण कोणत्या घरात? मग डीकनची माणसं रात्री निघायची. प्रत्येक घराबाहेरचा कॉक एकामागून एक बंद करायची आणि वेळ लिहून ठेवायची. सकाळी कागद बघायचा. समजा दोन वाजून वीस मिनिटांनी रेघ एकदम खाली आली, तर दोन वीसला ज्याचा कॉक बंद केला ते घर दोषी. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे वाचून गुदगुल्या होतात. एखादा बग कुठल्या बदलामुळे आला हे शोधताना आम्ही हेच करतो: एकेक भाग बंद करायचा आणि त्रास कधी थांबतो ते बघायचं. फरक इतकाच की आम्ही एसीत बसतो, आणि ती माणसं इंग्लंडच्या थंडीत लोखंडी चावी घेऊन फिरायची.

काही वर्षांतच शहराला पुन्हा चोवीस तास पाणी मिळू लागलं. नवं धरण व्हायच्या आधी! वेल्समधल्या व्हर्न्वी धरणाचं काम सुरू झालं ते १८८१ मध्ये, आणि तिथेही इंजिनिअर म्हणून हेच डीकनसाहेब होते.

आता आपल्या प्रश्नाकडे. डीकनचा मीटर बिघडला तर? घड्याळ थांबलं तर ड्रम फिरत नाही आणि रेघ एका जागी उभीच्या उभी गिरवली जाते. पेन्सिलीचं टोक मोडलं तर कागद कोरा. सकाळी कागद हातात घेणाऱ्याला लगेच कळणार की रात्री यंत्र झोपलं होतं. ‘गळती नाही’ आणि ‘मीटर बंद आहे’ ही दोन वेगळी चित्रं होती. हे लक्षात राहू द्या, याच्याकडे परत यायचंय.

मीटरने गल्ली आणि घर कळतं. रस्त्याखाली नेमकं कुठे खणायचं यासाठी मात्र कान लागतो. दाबाखालचं पाणी बारीक फटीतून बाहेर पडताना आवाज करतं, एक बारीक सूं. पाईपला किंवा व्हॉल्व्हला लोखंडी सळी टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं, की तो आवाज येतो. जपानमध्ये हे काम फार मनावर घेतात. टोकियोची माणसं रात्री ऐकण्याच्या काठ्या घेऊन फिरतात, आणि त्या शहराची गळती गेली बरीच वर्षं ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास आहे.

मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० मध्ये, म्हणजे डीकनच्या मीटरच्याही आधी. पण डीकनची युक्ती आपल्याकडे सरळ चालत नाही. का? पहाटे तीनचा हिशोब करायचा तर पहाटे तीनला पाईपात पाणी हवं ना! ठरावीक तास पाणी सोडणाऱ्या शहरात रात्री अर्धे पाईप रिकामेच असतात. रिकामा पाईप गळतही नाही आणि आवाजही करत नाही. उलट त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. मग गळती शोधणाऱ्यांना पाणी येण्याच्या तासांतच, रिक्षा आणि टेम्पोच्या आवाजात कान लावावा लागतो. यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे: ज्या शहराला पाणी वाचवायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच गळती शोधणं सगळ्यात अवघड.

कानाच्या जागी यंत्र आलं ते १९७० च्या दशकात, ब्रिटनमध्ये. पाईपवर दोन ठिकाणी मायक्रोफोन लावायचे. गळतीचा आवाज जवळच्या मायक्रोफोनला आधी पोचतो, लांबच्याला नंतर. या फरकावरून जागा काढायची. समजा दोन मायक्रोफोनमध्ये १०० मीटर अंतर आहे, पाईपातून आवाज सेकंदाला १२०० मीटर जातो, आणि फरक आला ०.०२ सेकंद. म्हणजे आवाजाला एका बाजूला २४ मीटर जास्त जावं लागलं. १०० मधून २४ वजा, उरले ७६, त्याचं अर्धं ३८. जवळच्या मायक्रोफोनपासून ३८ मीटरवर खणा. बारावीचं गणित! प्लॅस्टिकचे पाईप आल्यावर मात्र हे जड गेलं, कारण प्लॅस्टिक आवाज गिळतं.

हे सगळं रस्त्यावरचं झालं. घरातली चकती आवाज ऐकत नाही. ती स्पर्शाने ओळखते. आणि ही दुसरी शाखा सुरू होते कुठे माहितीये? लहान मुलांच्या ओल्या गादीत.

१९०४ साली माइनहार्ड फॉन फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने एक साधन बनवलं. मुलाने अंथरूण ओलं केलं की नर्सला कळावं, एवढाच हेतू. गादीत धातूचे दोन थर, मध्ये कोरडं कापड. कोरडं असताना वीज पलीकडे जात नाही. ओलं झालं की सर्किट पूर्ण आणि घंटी वाजते. आणि झालं असं की काही मुलं घंटीमुळे हळूहळू रात्री उठायला शिकली. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत मौरर नावाच्या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने याची पद्धतशीर उपचारपद्धती केली. ती अजूनही वापरली जाते.

तुमच्या सिंकखालच्या चकतीचे ते दोन धातूचे ठिपके आणि फाउंडलरच्या गादीतले दोन थर, तत्त्व शंभर टक्के तेच. कोरडी हवा वीज अडवते, नळाचं पाणी थोडी जाऊ देतं. ‘नळाचं’ हा शब्द महत्त्वाचा. वीज वाहून नेतात ते पाण्यातले क्षार. अगदी शुद्ध पाणी वीज जवळजवळ नेत नाही. म्हणून बोअरच्या खाऱ्या पाण्याला चकती लगेच ओरडते, तर एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, जे जवळपास डिस्टिल्डच असतं, ते ओळखायला काही चकत्या कुरकुर करतात. आरओचं गाळलेलं पाणी या दोहोंच्या मधलं. एसीखाली किंवा फिल्टरखाली चकती ठेवणार असाल तर चाचणी त्याच पाण्याने करा. नळाच्या पाण्याने पास झाली म्हणजे तिथेही पास, असं धरू नका.

या तत्त्वाला एक जुनं दुखणंही आहे. पाण्यातल्या दोन धातूंमधून सतत एकाच दिशेने वीज सोडली की पाण्याचं विघटन होतं. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० सालीच हे केलं होतं. त्यात धातू झिजतो, गंजतो. म्हणून चांगल्या चकत्या सतत वीज सोडत नाहीत. मधूनमधून क्षणभर तपासतात, दिशा उलटसुलट करतात, आणि ठिपक्यांना न गंजणारा मुलामा देतात. अगदी स्वस्तातली चकती दोन पावसाळ्यांत हिरवी पडते ती यामुळे.

गादीतून हे तत्त्व जिथे जिथे पाणी आणि महागडी वस्तू शेजारी होती तिथे गेलं. आमच्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे कॉम्प्युटर रूम. १९८० च्या दशकातले आयबीएमचे मोठे मेनफ्रेम पाण्याने थंड ठेवत. म्हणजे कोट्यवधींच्या यंत्राच्या पोटातून पाण्याच्या नळ्या! अशा खोल्यांच्या उचललेल्या फरशीखाली पाणी ओळखणारी वायर अंथरलेली असायची. आजही डेटा सेंटरमध्ये असते. पण ती सगळी वायर. बँकेला परवडतं, पण घरात प्रत्येक नळाखालून वायर ओढायला कोण भिंती फोडणार? त्यामुळे ही गोष्ट सामान्य घरात यायला रेडिओची वाट बघावी लागली.

रेडिओ स्वस्त होता. अडचण परवान्याची होती. हवेतल्या लहरी सरकारच्या, त्या वापरायच्या तर परवाना लागतो. १९८५ मध्ये अमेरिकेने काही पट्टे विनापरवाना मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा, जिथे आधीपासून मायक्रोवेव्ह ओव्हनचा गोंगाट होता, म्हणजे बाकी कुणाला नको असलेली जागा. त्याच पडीक जमिनीवर पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ उभे राहिले. बटन सेलवर वर्षानुवर्षं चालेल अशा कमी भुकेच्या रेडिओसाठी २००४ मध्ये झिग्बीचा पहिला मसुदा पक्का झाला. मधमाश्या नाचून एकमेकींना बातमी देतात त्यावरून ते नाव. एक उपकरण दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला निरोप देतं, तशी ती रचना.

भारताने २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये मोकळे केले. हे नुसतं सामान्यज्ञान नाही. तुमची अमेरिकेतली ताई किंवा चुलतभाऊ दिवाळीत येताना प्रेमाने झेड-वेव्हचा सेन्सर आणणार असेल, तर थांबवा. तिकडचा झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झवर चालतो, भारतातला ८६५ वर. दोघांची भाषा एक, कान वेगळे, त्यामुळे बोलणं होणारच नाही. शिवाय ९०८ चा पट्टा आपल्याकडे मोबाईल कंपन्यांचा आहे. वाय-फाय, ब्लूटूथ किंवा झिग्बीचा सेन्सर आणला तर ही अडचण नाही.

बरं, आता घरात या. चकती कुठे ठेवायची? गळू शकतं तिथे, हे उत्तर अर्धंच आहे. पाणी जमतं तिथे ठेवायची. आपल्या फरशीला उतार असतो, पण तो कुठे जातो हे गवंड्यालाच माहीत. म्हणून सिंकखाली एक वाटी पाणी ओता आणि बघत बसा. ओघळ ज्या कोपऱ्यात जाऊन थांबतो ती चकतीची जागा. एक थेंब प्रति सेकंद गळत असेल आणि २० थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी होतं. ते चकतीच्या चार इंच बाजूने गेलं तर चकतीला पत्ता लागणार नाही.

माझ्या मते पहिली चकती आरओ फिल्टरच्या खाली, दुसरी वॉशिंग मशीनच्या मागे, तिसरी गीझर ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, बाथरूमच्या उंबऱ्याशी. बाथरूमच्या आत ठेवू नका, ती रोज ओरडेल आणि चार दिवसांत तुम्हीच तिला बंद कराल. आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो जो कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात नसतो. पाणी गेलेलं असताना नळ उघडून बघितला, तो तसाच राहिला, आणि आपण ऑफिसला गेल्यावर पाणी आलं. भांड्यांच्या ढिगाने सिंकची जाळी बंद असेल तर ओटा, फरशी, हॉल. त्यासाठी ओट्याच्या पायाशी एक चकती असलेली बरी.

घरी फरशी पुसायला मावशी येत असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी चकती दाखवा, काय करते ते सांगा. नाहीतर त्या पोछा मारताना ती उचलून खिडकीत ठेवतील, आणि खिडकीत ती वर्षभर अगदी कोरडी, समाधानी बसून राहील. फिनाईलच्या पाण्याने ओरडली तर घाबरायचं नाही, पुसून परत ठेवायची.

वाय-फायचा सेन्सर असेल तर जोडताना राऊटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करून घ्या. बहुतेक चकत्यांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. लाईट गेली की राऊटर जातो आणि राऊटर गेला की फोनवर मेसेज येत नाही. चकतीचा भोंगा तेवढा वाजतो. राऊटर इन्व्हर्टरवर घेतलेला असेल तर प्रश्न मिटला.

सेलचा हिशोबही करून टाकू. सीआर२०३२ या बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. झोपेत चकती ५ मायक्रोअँपिअर खात असेल तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. खोक्यावर लिहिलेली पाच वर्षं इथून येतात. पण ती झोपेची वर्षं आहेत. प्रत्येक निरोप पाठवताना रेडिओ त्याच्या कित्येक पट वीज खातो. राऊटर लांब असेल, मध्ये आरसीसीची भिंत असेल, तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि पाचाची दोन होतात. कोकणातल्या दमट हवेत सेलच्या पट्टीवर गंज धरतो तो वेगळाच. पावसाळ्याआधी उघडून पट्टी कोरड्या कापडाने पुसली तर बरं. खालच्या ठिपक्यांवर टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला की दोन गोष्टी होतात: एक तर ठिपके झाकले जाऊन चकती बहिरी होते, नाहीतर तो थर दमट हवेत ओलावा धरतो आणि कारण नसताना ती ओरडते. लिंबू पिळलेल्या पाण्याचा बोळा फिरवायचा, मग साध्या पाण्याचा, मग कोरडं पुसायचं. ॲसिड वापरायचं नाही, मुलामा जातो.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. गप्प चकती.

रत्नागिरीला आई-बाबांच्या फ्लॅटमध्ये मी अशा तीन चकत्या लावल्या होत्या. ते दोघं पुण्याला ताईकडे दोन महिन्यांसाठी आले, घर बंद. ॲपमध्ये तिन्ही चकत्यांसमोर हिरवा टिळा आणि ‘सुरक्षित’ असं दिसायचं. मी रोज बघायचो. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला: बेडरूमच्या छतातून पाणी गळतंय. गीझरचा कनेक्शन पाईप सुटला होता. सोसायटीच्या वॉचमनने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तोवर काकांचं पीओपी खाली आलं होतं आणि काकूंचा सागवानी दिवाण भिजून फुगला होता. चकतीने तिचं काम केलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये आदल्या रात्रीपासून टीं-टीं ऐकू येत होतं, त्यांना वाटलं आमचा इन्व्हर्टर वाजतोय. फोनवर काही आलं नाही, कारण सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने महिन्याभरापूर्वीच आपला सर्व्हर बंद केला होता, कुणालाही न कळवता. ॲप मात्र शेवटची मिळालेली माहिती तशीच दाखवत राहिलं. हिरवा टिळा खरा होता, पण महिन्यापूर्वीचा.

दिवाणाचे पैसे बाबांनी दिले. काकू त्यानंतर बरेच दिवस आईशी मोजकंच बोलायच्या, आणि आईला त्याचंच जास्त लागलं.

इंजिनिअर म्हणून मला यात राग येतो तो डिझाईनचा. ‘आत्ता कोरडं आहे’ आणि ‘शेवटचं ऐकलं तेव्हा कोरडं होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डीकनच्या कागदावर ती वेगळी दिसायची. दीडशे वर्षांनी, खिशात कॉम्प्युटर असताना, आपण ती एकाच हिरव्या रंगात रंगवली. सोसायटीचा वॉचमनसुद्धा रात्री दर तासाला शिट्टी मारतो. चोर आला म्हणून नव्हे, मी जागा आहे हे कळावं म्हणून. शिट्टी ऐकू आली नाही तर कुणीतरी खिडकीतून डोकावतं. चकतीही अशी शिट्टी मारते, बरं का! कुणी तासातून एकदा, कुणी दिवसातून एकदा ‘मी आहे’ असा निरोप पाठवते. तांत्रिक भाषेत याला हार्टबीट म्हणतात. बऱ्याच ॲपमध्ये ही शिट्टी चुकली तर सांगायची सोय असते, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आणि बंद करून ठेवलेली. ती शोधून चालू करा. नावं वेगवेगळी असतात, ‘ऑफलाईन अलर्ट’, ‘डिव्हाइस अनरीचेबल’, असं काहीतरी.

विकत घेतानाच दोन गोष्टी विचारा. एक, शेवटचा संपर्क किती वाजता झाला हे ॲप दाखवतं का? दोन, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर चकती घरातल्या घरात चालते का? मी आता झिग्बीच्या चकत्या आणि घरातच ठेवलेला हब वापरतो, त्यामुळे कंपनी राहो न राहो. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून आलेल्या मॅटर या मानकात २०२४ च्या मे महिन्यापासून, म्हणजे १.३ आवृत्तीपासून, पाणीगळतीचे सेन्सर आणि पाणी बंद करणारे व्हॉल्व्हही आलेत. पर्याय वाढतील.

आणि ॲप काहीही म्हणो, महिन्यातून एकदा ओलं बोट दोन्ही ठिपक्यांवर ठेवायचं. चकती ओरडली पाहिजे आणि फोनही वाजला पाहिजे. दोन्ही. नुसता भोंगा वाजला तर निम्मीच साखळी तपासली. मी दर महिन्याला मेंटेनन्सचं बिल भरतो त्याच दिवशी हे करतो. रत्नागिरीला आता बाबा करतात, आणि घर बंद ठेवून निघाले की आधी मेन व्हॉल्व्ह बंद करतात. या सगळ्या इतिहासात त्याच्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा सापडला नाही, आणि त्याला सेल लागत नाही.

एक गैरसमज जाता जाता. खालच्या घरातल्या छताला ओल आली म्हणून वरच्या घरात चकत्या लावून भांडण सुटत नाही. स्लॅबमध्ये किंवा भिंतीत मुरणारं पाणी फरशीवर येतच नाही, त्यामुळे चकती प्रामाणिकपणे कोरडीच राहणार. ती कोरडी आहे हा तुमच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवू नका, लोक हसतील. तिथे डीकनची पद्धत अजून चालते. रात्री घरातले सगळे नळ बंद करा. टाकीवरून तुमच्या घराला येणाऱ्या पाईपला मीटर असेल तर झोपताना आकडा लिहा, उठल्यावर परत बघा. आकडा सरकला तर गळती तुमच्या पाईपात. सरकला नाही तर बाहेरचा सामाईक पाईप, ड्रेनेज किंवा गच्ची बघा. बाहेरच्या सामाईक पाईपाची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची, असं आदर्श उपविधींमध्ये आहे. घरातल्या पाईपांची ज्याची त्याने. मीटर नसेल तर प्लंबरकडून एकेक कॉक बंद करवून ओल थांबते का ते बघायचं. यात दिवस जातात, कारण स्लॅब वाळायला वेळ लागतो.

पुढच्या भागात याच मीटरबद्दल बोलू: फ्लॅटनिहाय पाण्याचे मीटर लावायचे का, यावरून सोसायट्यांमध्ये जी युद्धं चालू आहेत त्यांच्याबद्दल. तुमच्या सोसायटीचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि शेजाऱ्यांची नावं न घेता.